पावडर खरी आहे, पण पाइप आधी बघा

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



गेल्या महिन्यात गट कार्यालयात बसलो असताना सीनाकाठचे एक जुने सभासद आले. पिशवीतून प्लास्टिकची पुडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. आत साखरेपेक्षा बारीक, पांढरी पावडर. म्हणाले, "साहेब, ही पाण्यात टाकली की पाइपात पाणी घसरतंय म्हणे. मोटार हलकी चालती, टोकाला पाणी वाढतंय. भाव लई हाय, पण एक पोतं उधारीवर द्यायला तयार हाय तो माणूस. घ्यावं का?"

त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला आणि "आठ दिवस थांबा, तात्या," एवढेच सांगितले. खरे सांगायचे तर मला स्वतःलाच नीट माहीत नव्हते. पहिला विचार आला तो असा, की हा फसवणुकीचा धंदा आहे. आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी असे काहीतरी येतेच. कधी उतारा वाढवणारे औषध येते, कधी पाणी शोधणारी काठी. पण आठ दिवस पुस्तके चाळली, दोन-तीन जाणकारांना फोन केले आणि लक्षात आले की ही गोष्ट खोटी नाही. पावडरीमागचे शास्त्र पक्के आहे. मात्र आपल्या पाइपलाइनीला ती परवडते का, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर मी खाली हिशेबासकट देतो.

आता देण्याचे कारण असे, की येत्या दोन-तीन वर्षांत आपल्या तालुक्यात पाइपलाइनींवर मोठा पैसा खर्च होणार आहे. उजनीचे पाणी शिंपोऱ्याहून खुंटेफळच्या साठवण तलावात आणण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. मेहकरीच्या आणि सीनेच्या काठावर आधीच पाइपांचे जाळे आहे. पाणी दिसले की माणूस पाइप टाकतो, आणि एकदा गाडलेला पाइप पंधरा-वीस वर्षे कोणी उकरत नाही. चूक झाली तर तीही तेवढी वर्षे जमिनीत राहते.

आधी पावडरीविषयी.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे, की काहिलीतल्या रसातली मळी वर काढण्यासाठी भेंडीचे खोड ठेचून त्याचा बुळबुळीत रस घालतात. तो बुळबुळीतपणा म्हणजे लांबलचक साखळीसारखे रेणू. अशा साखळीच्या रेणूंनाच शास्त्रात पॉलिमर म्हणतात. गवारीच्या बियांचा डिंक त्याच जातीचा. आपल्या कारखान्यात क्लॅरिफायरमध्ये रस निवळावा म्हणून जे रसायन अगदी थोडे, दहा लाख भागांत दोन-चार भाग, घालतात ते पॉलीॲक्रिलामाइडही पॉलिमरच, फक्त कारखान्यात बनवलेला. आणि तोडून तीन-चार दिवस पडलेल्या शिळ्या उसात जंतू जो डेक्स्ट्रान तयार करतात, ज्याने रस चिकट होतो आणि पॅनवाला वैतागतो, तोही पॉलिमर. तेव्हा नाव परके वाटले तरी वस्तू घरातलीच आहे.

आता पाइपात काय होते ते बघू. पाणी पाइपातून सरळ, शिस्तीत जात नाही. वेग थोडा वाढला की आत भोवरे होतात. पाटाच्या कडेला, दगडाला घासून पाणी कसे गरगरते ते आपण रोज पाहतो. पाइपाच्या भिंतीलगत तसेच बारीक भोवरे सतत उठतात, फुटतात आणि मधल्या पाण्यात मिसळतात. मोटार जी शक्ती लावते तिचा मोठा हिस्सा हे भोवरे फिरवण्यातच खर्ची पडतो. आपण त्याला 'पाइपात पाणी अडतंय' म्हणतो, इंजिनिअर लोक घर्षण म्हणतात.

पॉलिमरचा रेणू नुसता पाण्यात असला तर लोकरीच्या गुंड्यासारखा गोळा होऊन पडलेला असतो. भिंतीजवळच्या भोवऱ्यांच्या ओढाताणीत सापडला की तो उलगडतो, ताणला जातो, आणि ताणलेला रेणू भोवऱ्याला वाढू देत नाही. भोवरे कमी, तर वाया जाणारी शक्ती कमी. पाइपाच्या आत तेलासारखा थर बसतो आणि पाणी त्यावरून घसरते, असे तो विक्रेता सांगत होता म्हणे. ते चूक आहे. पाइपाच्या भिंतीला काही लागत नाही. आणि पाणी जिथे संथ, भोवऱ्यांशिवाय जाते तिथे ही पावडर काहीच करत नाही. उलट पाणी थोडे जाडच होते.

हे प्रथम जगापुढे मांडले टॉम्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने, १९४८ साली, हॉलंडमधल्या परिषदेत. ज्यापासून काचेसारख्या ॲक्रिलिकच्या पाट्या बनतात तेच प्लास्टिक त्याने एका द्रावकात अगदी थोडे विरघळवले होते. द्रावण नळीतून नुसत्या द्रावकापेक्षा सोपे वाहते असे दिसले. घट्ट केलेली गोष्ट सोपी वाहते हे आधी कोणालाही उलटेच वाटणार. तेव्हापासून यावर जगभर काम झाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीला न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाने नळीच्या पाण्यात असा पॉलिमर घालून पाहिला, म्हणजे त्याच पंपावर आणि बारीक नळीतून पाणी जास्त आणि लांब जाते. अलास्काची सुमारे तेराशे किलोमीटरची तेलाची नळवाहिनी १९७७ साली सुरू झाली आणि १९७९ पासून तिच्यात पॉलिमर सोडू लागले, त्यामुळे आणखी पंप न बसवता जास्त तेल जाऊ लागले. आपल्या देशातल्या तेल कंपन्याही आता आपल्या नळवाहिन्यांत हा प्रकार वापरतात. घर्षण चाळीस टक्के कमी होणे ही त्यात नवलाची गोष्ट नाही; प्रयोगशाळेत सत्तर टक्क्यांपर्यंतही गेले आहे.

मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले, पुढे तिचे संचालक झाले. पॉलिमरची द्रावणे कशी वाहतात हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय. आणि शेतीशी थेट संबंध असलेले काम झाले ते खडगपूरच्या आय.आय.टी.त. तिथे प्रा. आर. पी. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवारीचा डिंक आणि त्यावर कलम केलेले पॉलिमर तुषार सिंचनाच्या पाण्यात घालून पाहिले. त्यांचा लेख १९९५ साली 'करंट सायन्स' मध्ये आला. तुषार संचाला लागणारी शक्ती कमी होते, फवारा लांब जातो, आणि जमिनीत पाणी खोल झिरपून जाण्याचे प्रमाणही घटते, असे त्यांना दिसले. म्हणजे पुडी घेऊन फिरणारा माणूस सगळेच खोटे बोलत नाही.

पण तो काही गोष्टी सांगत नाही.

पहिली गोष्ट, पावडर कुठे टाकायची. तो म्हणतो विहिरीत टाका, किंवा जॅकवेलमध्ये. विहिरीत टाकली तर विहिरीतल्या सगळ्या पाण्याला पुरेल एवढी टाकावी लागेल, हे एक. दुसरे म्हणजे हे लांब रेणू नाजूक असतात. पंपाच्या पंख्यातून जाताना ते तुटतात, आणि तुटलेली साखळी भोवऱ्याला आवरत नाही. म्हणून तेलाच्या नळवाहिनीत पॉलिमर सोडतात तो पंपाच्या पुढे, डिलिव्हरीच्या बाजूला, आणि पुढच्या पंपानंतर पुन्हा नव्याने. आपल्याला ते करायचे तर दाबाखाली मोजून सोडणारा छोटा वेगळा पंप हवा. शिवाय पावडर कोरडी टाकली तर तिच्या गाठी होतात, पिठाच्या गुठळ्यांसारख्या. आधी पिंपात सावकाश ढवळून, काही तास भिजवून द्रावण करावे लागते. गवारीच्या डिंकाचे द्रावण उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत नासते, वास मारते. ते ठिबकच्या नळ्यांत गेले तर आत शेवाळासारखा चिकट थर धरून ड्रिपर बुजण्याची भीती आहे. ठिबकवाल्या सभासदांनी या वाटेला जाऊच नये, हे माझे स्पष्ट मत.

दुसरी गोष्ट, किती लागते. इथे मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि सभासदांनीही बसावे अशी विनंती आहे.

उसाला साध्या सरीने एक पाळी द्यायची, जमिनीवर साडेसात सेंटिमीटर पाणी उभे राहील एवढी, तर एकराला सुमारे तीन लाख लिटर पाणी लागते. पॉलीॲक्रिलामाइडसारखा कारखान्यात बनलेला चांगला पॉलिमर हजार लिटरला वीस ग्रॅम धरला, तर एका एकराच्या एका पाळीला सहा किलो. गवारीचा डिंक त्याहून कमजोर, त्याला हजार लिटरला काही शे ग्रॅम लागतात. पाचशे धरले तर एका पाळीला दीडशे किलो! वर्षाला पंचवीस पाळ्या म्हटल्या तर एकरी साडेसदतीस क्विंटल डिंक. उसाऐवजी गवारच लावावी लागेल. (गवारीचाही एक काळ येऊन गेला. अमेरिकेतल्या तेल विहिरींना डिंक हवा म्हणून २०१२ साली तिचे भाव एवढे चढले की वायदेबाजार बंद करावा लागला. राजस्थान-हरियाणातल्या शेतकऱ्यांनी चार पैसे पाहिले. आपण मात्र गवारीची भाजीच खात राहिलो.)

तेलाच्या नळीत हा प्रकार परवडतो, कारण तिथे जे वाहते त्याची किंमत लिटरला कितीतरी रुपये आहे आणि रोज लाखो पिंपे जातात. आगीच्या बंबात परवडतो, कारण तिथे प्रश्न दहा मिनिटांचा असतो. आपल्या पाइपातून जाते ते पाणी, आणि ते वर्षभर जाते.

आता पाइपाचा हिशेब. माझा खरा मुद्दा हाच आहे.

समजा नदीपासून शेत तीन किलोमीटरवर आहे, चढ पंधरा मीटरचा, आणि आपल्याला सेकंदाला आठ लिटर पाणी हवे. आपल्याकडे सर्रास टाकतात तो नव्वद मिलिमीटरचा, म्हणजे ज्याला आपण तीन इंची म्हणतो, तो पी.व्ही.सी. पाइप टाकला, तर एकट्या घर्षणात सुमारे सत्त्याहत्तर मीटर दाब जातो. चढ पंधरा, घर्षण सत्त्याहत्तर! आपली मोटार पाणी डोंगरावर चढवत नाही, पाइपात घासत बसते. तेवढेच पाणी एकशेदहा मिलिमीटरच्या चार इंची पाइपातून नेले तर घर्षण सुमारे सत्तावीस मीटर. एकशेचाळीसच्या, पाच इंची पाइपातून नेले तर साडेआठ मीटर. पाइप एका इंचाने वाढला की घर्षण निम्म्याहून खाली येते. त्याचे कारण असे, की घर्षण व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलते. व्यास थोडा कमी केला की शिक्षा फार मोठी होते.

पंपाची कार्यक्षमता साठ टक्के धरून याची अश्वशक्ती काढली तर तीन इंचीला सोळा, चार इंचीला सव्वासात-साडेसात, पाच इंचीला चार. आता शासनाची मोफत विजेची योजना आठवा. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मुख्यमंत्री बळीराजा योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज फुकट आहे. अरुंद पाइपाच्या पायी जो दहा-पंधरा अश्वशक्तीची मोटार बसवतो तो या योजनेतून बाहेर पडतो. पाइपात वाचवलेला पैसा तो पुढची सगळी वर्षे बिलात भरतो. आणि तीन इंची पाइपाला तेवढा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला नऊ किलोच्या पुढे, दाब दिला तर आपण घेतो तो चार-सहा किलोचा पाइप फुटणारच. मग जोड निघाला, पाइप उलला, रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन फिरा.

कोणी म्हणेल, आम्ही कुठे सोळाची मोटार बसवतो, पाचचीच बसवतो. बरोबर आहे. मग पाणी कमी येते. पाच अश्वशक्तीच्या मोटारीवर, पंप त्या दाबाला योग्य धरला तर, वरच्याच शेतात तीन इंचीतून सेकंदाला पाच लिटरच्या आसपास पाणी पडेल. पावडर टाकून घर्षण सगळ्या लाइनभर चाळीस टक्के कमी झाले असे मानले तरी पावणेसहा लिटर होईल. पावडर न टाकता पाइप चार इंची असता तर पावणेसात लिटर, आणि पाच इंची असता तर नऊ लिटर. एका एकराची पाळी तीन इंचीवर सतरा तासांत निघते, पावडरीसकट पंधरा तासांत, चार इंचीवर साडेबारा तासांत, पाच इंचीवर साडेनऊ तासांत. वीज आपल्याला एका वेळी आठ-दहा तास मिळते. तीन इंचीवाल्याचे एक एकर दोन दिवस खाते, पाच इंचीवाल्याचे एका दिवसात भिजते. मे महिन्यात पाळी चार दिवसांनी पुढे गेली की उसाचे काय होते ते मी तुम्हाला सांगायला नको.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून एवढे पोटतिडकीने लिहितो. कृषी पदविका घेऊन नवीनच नोकरीला लागलो होतो. २००८ सालची गोष्ट. वडील आणि चुलते मिळून नदीवरून दोन किलोमीटरची लाइन टाकणार होते. मला विचारले, "तू शिकलेला, सांग कितीचा टाकू?" मी दुकानदाराचा भावफलक बघितला, तीन इंची आणि चार इंचीतला फरक बघितला, आणि तीन इंची सांगितला. हिशेब केला नाही. करता येत नव्हता असे नाही, केला नाही. टोकाला चुलत्यांचे शेत. त्यांच्या खोडव्याला पाणी पोचेपर्यंत वीज जायची. दोन वर्षांत दोनदा मोटार जळली. चुलते मला कधी काही बोलले नाहीत, पण तिसऱ्या वर्षी त्यांनी ऊस मोडून ज्वारी पेरली. २०१२ च्या दुष्काळात नदीच आटली, तेव्हा पाइपाचा प्रश्न आपोआप मिटला. पण त्याआधीची तीन-चार वर्षे नदीला पाणी होते आणि ते चुलत्यांच्या उसाला मिळाले नाही, ते माझ्या सल्ल्यामुळे. तेव्हा जर कोणी मला ही पावडर दिली असती तर मी ती घेतली असती. स्वतःची चूक झाकायला माणूस काहीही विकत घेतो.

आणखी एक घोटाळा दूर करतो. बाजारात 'पॉलिमर' या एकाच नावाने तीन निराळ्या वस्तू फिरतात. एक, जमिनीत मिसळायची, पाणी पिऊन जेलीसारखी फुगणारी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे पुसा हायड्रोजेल त्यातले. दोन, सरीच्या पाण्यात सोडून मातीची धूप थांबवणारे पॉलीॲक्रिलामाइड. अमेरिकेत आयडाहोकडे १९९० नंतर त्याचा पुष्कळ वापर झाला. आणि तीन, पाइपातले घर्षण कमी करणारी ही पावडर. एकीची कात्रणे दाखवून दुसरी विकणे सोपे आहे. पुडीवर नाव, वजन, घटक आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर हातच लावू नये. जनावरे आणि माणसे त्याच लाइनीचे पाणी पितात. पॉलीॲक्रिलामाइडमध्ये न जुळलेले ॲक्रिलामाइड उरले असेल तर ते विषारी असते. म्हणून पिण्याच्या पाण्याला वेगळ्या, शुद्ध प्रतीचाच माल चालतो.

मग करायचे काय? माझे मत संचालक मंडळापुढे मी लेखी ठेवले आहे, तेच इथे सांगतो. कारखान्यामार्फत पाइपलाइनीच्या कर्जाची शिफारस करताना आजवर आपण सात-बारा बघतो, उसाची नोंद बघतो, जामीनदार बघतो. पाइपाचा व्यास कोणी बघत नाही. तो बघितला पाहिजे. अंतर, चढ आणि हवे असलेले पाणी, एवढे तीन आकडे द्या, व्यासाचा हिशेब शेतकी खाते फुकट करून देईल. ज्यांना पाच इंची एकट्याला झेपत नाही त्यांनी शेजारच्या दोघांना घ्यावे. तीन भावांच्या तीन इंची तीन लाइनी एकाच चरात पडलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या तिन्हींच्या पैशांत एक सहा इंची लाइन पडली असती आणि तिघांचेही शेत भिजले असते. ती का पडली नाही याचे कारण पाण्याच्या शास्त्रात नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

जुनी तीन इंची लाइन गाडलेली असेल तर ती उकरायला मी सांगत नाही. आधी तिच्यातला फुकटचा अडथळा काढा. सक्शनचा पाइप डिलिव्हरीपेक्षा बारीक नको. फूटव्हॉल्व्हची जाळी गाळाने बुजलेली नको. काटकोनातले एल्बो जिथे काढता येतील तिथे लांब वळणाचा बेंड बसवा. चढाच्या उंचवट्यावर हवा काढायचा व्हॉल्व्ह नसेल तर तिथे हवा अडून निम्मा पाइप रिकामा राहतो. आणि जमल्यास अर्ध्या लाइनीला जोडीचा दुसरा पाइप टाका. दोन पाइपांत पाणी वाटले गेले की त्या भागातले घर्षण सुमारे पावहिश्श्यावर येते. दीड किलोमीटरचा पाइप जोडीला टाकून जे साधते ते पावडरीची पोती भरून साधणार नाही.

पावडरीला मी दार बंद करत नाही. कारखान्याच्या आगीच्या बंबासाठी तिचा विचार जरूर व्हावा. तारांच्या ठिणगीने दरवर्षी उभा ऊस पेटतो, आणि बांधावरून आत नळी पोचत नाही ही आपली नेहमीची तक्रार आहे. तिथे खर्च एका आगीचा असतो आणि वाचते ते सगळे वर्ष.

शेतातल्या लाइनीवर प्रयोग व्हायचा असेल तर तो सर्वांसमोर व्हावा आणि विकणाऱ्याच्या खर्चाने व्हावा. त्यासाठी फार काही लागत नाही. पंपाजवळ एक प्रेशर गेज, टोकाजवळ एक, एक दोनशे लिटरचे पिंप आणि एक घड्याळ. पिंप चाळीस सेकंदांत भरले तर पाच लिटर पाणी आहे, बावीस सेकंदांत भरले तर नऊ लिटर. आधी बिनपावडरीचे मोजायचे, मग पावडरीचे, मग पुन्हा बिनपावडरीचे. ही तिसरी मोजणी विसरायची नाही, कारण विजेचा दाब तासातासाला बदलतो आणि रात्री वाढलेल्या व्होल्टेजचे श्रेय पावडरीला जाते.

दोन गेज शेतकी खात्याने मागवले आहेत. सीनाकाठच्या किंवा मेहकरीच्या ज्या सभासदाची लाइन दोन किलोमीटरपेक्षा लांब आहे आणि ज्याची हरकत नसेल त्याने गट कार्यालयात नाव द्यावे. पुडी घेऊन आलेल्या सभासदांनी पहिले नाव दिले आहे. पोते घेतलेले नाही. त्या विक्रेत्यालाही निरोप गेला आहे की पिंप आणि घड्याळ आमचे, पावडर तुमची. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.